१९९२ची बुलेट ३५०: दुसरा गिअर सुटतो, किक सटकते. गिअरबॉक्स घरीच उघडावा का?

घाटरस्ता (सातारा)

नमस्कार मंडळी. गाडी १९९२ची बुलेट ३५०. बिडाचा सिलिंडर, उजव्या पायाला चार गिअर, टाचेशी न्यूट्रल फाइंडर (थेट न्यूट्रलला आणणारा छोटा लिव्हर), म्हणजे जुन्या अल्बियन पद्धतीचा गिअरबॉक्स. तक्रारी अशा:

यवतेश्वराचा घाट उतरताना दुसऱ्यात थ्रॉटल सोडला की गिअर सुटून न्यूट्रल पडते. चढाला, इंजिन ओढत असताना सुटत नाही.

दुसऱ्यातून तिसरा टाकताना पेडल पूर्ण खाली जाते, पण कधीकधी तिसरा पडतच नाही, इंजिन नुसते ओरडते.

किक दहातून दोन-तीनदा 'कट्ट' करून मोकळीच खाली जाते.

शिवाय गाडी रात्रभर डबल स्टँडवर ठेवली की पुढच्या चेन-चक्राच्या खाली रुपयाएवढा तेलाचा डाग. गॅरेजवाले आख्खा बॉक्स बदलायला सांगतात. माझ्याकडे मिलिमीटरचे रिंग पाने, गोटी पान्यांचा सेट आणि सर्क्लिप पक्कड आहे. यासाठी इंजिन उतरवावे लागते का? सुरुवात कुठून करू?

लोखंडी_३४६

इंजिन उतरवायचे नाही, आणि बॉक्सचे शेलही नाही. शेल इंजिनाच्या मागच्या तोंडाला चार स्टडवर बसलेले असते, ते तसेच राहू द्या. गिअर सगळे उजव्या बाजूने बाहेर येतात. फक्त मेन शाफ्ट (क्लचकडून फिरणारा मुख्य दांडा) उजवीकडे ओढायचा तर डावीकडचा क्लच आधी निघाला पाहिजे, म्हणून प्रायमरी (इंजिन ते क्लच या चेनची पेटी) उघडावीच लागते. दोन रविवार धरा.

पण पाना लावण्याआधी निदान. तीन तक्रारींची तीन वेगळी कारणे असू शकतात आणि त्यातले एक बाहेरूनच दुरुस्त होते.

किकपासून बघू. किक सटकते ती क्लचमुळे की किकच्या पॉलमुळे (दात्यांत अडकणारी खिटी), हे ठरवायला इंजिन बंद ठेवून टॉप (चौथा) गिअर टाका, मागचा ब्रेक कोणाला तरी घट्ट दाबायला सांगा आणि किक हाताने किंवा पायाने हलके दाबा. अंगाचा भार टाकून उडी मारू नका. मेन शाफ्ट चाकाला जखडलेला असल्यामुळे चेनच्या ढिलाईएवढी हलून किक दगडासारखी थांबली पाहिजे. असे आठ-दहा वेळा करा. एकदा जरी 'कट्ट' होऊन खाली गेली तर पॉल किंवा त्याचे दाते गेले. दरवेळी थांबत असेल आणि तरी न्यूट्रलमध्ये सटकत असेल, तर क्लच प्लेटा घसरताहेत, गिअरबॉक्सचा काही दोष नाही.

दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधली पोकळी ही या बॉक्सची जन्मजात खोड आहे. एकच फोर्क (गिअर सरकवणारा दोन पायांचा चिमटा) मेन शाफ्ट आणि ले शाफ्ट (त्याला समांतर असलेला दुसरा दांडा) या दोन्हींवरचे सरकते गिअर एकदम हलवतो. एका जोडीतून निघून दुसरीत शिरेपर्यंत मधे काहीच अडकलेले नसते. पेडलाची हालचाल थोडी कमी-जास्त झाली की फोर्क तिथेच राहतो. आता न्यूट्रल फाइंडर. दुसरा, तिसरा, टॉप यातून टाचेने दाबला की खऱ्या न्यूट्रलला येतो. पहिल्यातून मात्र येत नाही, तिथे जोर लावू नका.

ही हालचाल ठरवते अ‍ॅडजस्टर प्लेट. बाहेरच्या कव्हरवर, गिअर पेडलाच्या शाफ्टभोवती, दोन नटांनी धरलेली. गाडी डबल स्टँडवर, मागचे चाक हाताने फिरवत दुसरा गिअर टाका. दोन्ही नट जेमतेम ढिले करा. आता पेडल हाताने वर आणि खाली हलवून बघा: आतल्या रॅचेटचा (पेडलाच्या दर हालचालीला एकेक गिअर सरकवणारा दातेरी भाग) दात पकडेपर्यंत जी मोकळी हालचाल होते, ती दोन्हीकडे साधारण सारखी हवी. सारखी होईपर्यंत प्लेट एक-एक केसाने फिरवा, नट आवळा, पुन्हा तपासा, कारण आवळताना ती हमखास थोडी सरकते. ती एका बाजूला गेली असली की पहिल्यातून दुसऱ्यात किंवा टॉपवरून तिसऱ्यात आल्यावर रॅचेट पुढचा दात पकडतच नाही. पेडल हलते, आत काही होत नाही. बऱ्याच बुलेटची 'गिअर पडत नाही' ही तक्रार एवढ्याने मिटते.

दुसरा सुटतो त्याचे मात्र लक्षण चांगले नाही. ओढताना डॉगची (गिअरच्या बाजूचे, शेजारच्या गिअरमध्ये अडकणारे खुंट) एक बाजू काम करते, थ्रॉटल सोडला की दुसरी. उतारालाच सुटतो म्हणजे ती दुसरी बाजू गोल झाली असावी. ते प्लेट फिरवून बरे होणार नाही. तरी आधी प्लेट करा, शंभर किलोमीटर चालवा, मग उघडायचे ठरवा. गिअर अर्धवट अडकत असेल तरी तो सुटतो, आणि अर्धवट अडकून चालवल्यानेच डॉग गोल होतात.

किकबॅक

प्लेटचे दोन्ही टोक कानसने थोडे खा, हालचाल वाढते, तिसरा बरोबर पडतो. आणि गळतीला सोपा उपाय, तेल काढून टाका आणि बॉक्स ग्रीसने भरा. चेसिसचे साधे ग्रीस चालते. थेंब पडत नाही.

लोखंडी_३४६

किकबॅक, तुमचे दोन्ही सल्ले अर्धेच पटतात.

कानस चालते, पण सगळ्यात शेवटी आणि निदान पक्के झाल्यावर. पेडल पूर्ण दाबूनही गिअर पूर्ण आत जात नसेल, म्हणजे हालचाल कमी पडत असेल, तरच प्लेटवर रॅचेटच्या पिना टेकतात त्या जागी दोन-चार हात फिरवायचे. उलट हालचाल आधीच जास्त असेल, म्हणजे फोर्क गिअरला ओलांडून पलीकडच्या पोकळीत जात असेल, तर कानसने ती आणखी वाढेल आणि मग नवी प्लेटच आणावी लागेल. खाल्लेले लोखंड परत येत नाही.

ग्रीसचे म्हणाल तर जुन्या काळी या बॉक्सला ग्रीस आणि तेल मिसळूनच घालत, ते खरे. पण ते पातळ ग्रीस होते. चेसिसचे ग्रीस सहसा २ नंबरचे, घट्ट. गिअर त्यात एक नाली पाडतात, ग्रीस भिंतींना चिकटून बसते आणि परत दातांवर येत नाही. वरून बॉक्स भरलेला दिसतो, आत स्लीव्ह गिअरचे (मेन शाफ्टभोवतीचा पोकळ गिअर) बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) आणि ले शाफ्टचे बुश कोरडे फिरतात. थेंब थांबतो आणि बुश जातो. गळती फारच असेल तर ०० नंबरचे अर्ध-पातळ ग्रीस आणि ईपी ९० गिअर ऑईल निम्मे-निम्मे. बॉक्स ठीक असेल तर नुसते ईपी ९०. डब्यावर जीएल-४ (तेलाची श्रेणी) लिहिलेले बघा. जीएल-५ मधली रसायने पितळ-ब्राँझला मानवत नाहीत आणि या बॉक्सचे बुश ब्राँझचे आहेत.

पातळी: गाडी डबल स्टँडवर सपाट जमिनीवर, लेव्हलचा स्क्रू काढून वरून ओतत राहायचे, तिथून पाझरायला लागले की थांबायचे. जास्त भरले की ते मेन शाफ्ट आणि स्लीव्ह गिअरच्या फटीतून किंवा चक्रामागून बाहेर येणारच. तुमचा डाग कदाचित एवढ्यानेच जाईल.

चिंचवड_स्पॅनर

घाटरस्ता, मिलिमीटरच्या पान्यांनी सुरुवात करू नका. जुन्या बुलेटचे बरेच नट-बोल्ट अजून ब्रिटिश मापाचे आहेत. पाव इंची व्हिटवर्थ (जुने ब्रिटिश माप) पान्याचे तोंड १३.३ मिमी असते, कारण त्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा, तोंडाचा नव्हे: १३ बसत नाही, १४ लावला की कोपरे गोल. ५/१६ म्हणजे १५.२, तिथेही १५ अडतो आणि १६ फिरतो. पाव, ५/१६ आणि ३/१६ असे तीन व्हिटवर्थ रिंग पाने पुण्यात नाना पेठेत किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मिळतात. एखाद्या स्टडवर मिलिमीटरचा नट कोणी ठोकून बसवलेला असेल तर आटे बघून घ्या. ब्रिटिश सायकल आटे इंचाला २६ असतात, फार बारीक दिसतात. मिलिमीटरचा नट त्यावर दोन फेरे जातो आणि मग जाम होतो.

कव्हरचे चपट्या डोक्याचे स्क्रू असतील तर आधी स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसवून त्यावर हातोड्याचा एक टोला, मग फिरवा. इम्पॅक्ट ड्रायव्हर असेल तर उत्तम. स्क्रू लांब-आखूड असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर आवळल्यासारखा वाटतो, कव्हर दबत नाही आणि गळती तिथून सुरू होते.

आणि बॉक्स उघडण्याआधी बाहेरून डिझेल आणि ब्रशने धुऊन घ्या. मागच्या चेनची वाळू आत गेली तर केलेले काम वाया.

घाटरस्ता (सातारा)

सर्वांचे आभार. प्लेट केली. दुसरा-तिसरा आता जवळजवळ नेहमी पडतो. पातळी खरोखर जास्त होती, पाऊण कप तेल निघाले. किकची चाचणी केली: टॉपमध्ये ब्रेक दाबून दहातून तीनदा 'कट्ट'. उतारावर दुसरा अजून सुटतो. म्हणजे उघडणे आले. क्रम सांगाल का?

लोखंडी_३४६

क्रम महत्त्वाचा आहे, कारण काही नट सैल करायला गाडीचीच पकड लागते आणि ती पकड तुम्ही मधेच काढून टाकता.

आधी तेल काढा. क्लचची वायर सोडा. गिअर पेडल, न्यूट्रल फाइंडर, किक काढा. किकचा बोल्ट नुसता ढिला करून चालत नाही, तो शाफ्टच्या खाचेतून आरपार जातो, पूर्ण बाहेर काढा. मग बाहेरचे कव्हर. ते सरळ बाहेर ओढायचे, स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटायचे नाही, नाहीतर सांध्यावर चर पडतो आणि गळती कायमची. लाकडी हातोड्याने कडेने ठोका. कव्हर सुटताना पॉलच्या बारीक स्प्रिंगा आणि क्लचच्या पुशरॉडच्या (क्लच सोडवणारी सळई) टोकाचा तुकडा खाली पडू शकतो. खाली पांढरा कपडा अंथरा. किकची रिटर्न स्प्रिंग ताणलेली असते, तिची दोन्ही टोके कुठे अडकली आहेत याचा फोटो आधी.

आता मेन शाफ्टचा उजवा नट. हा आत्ताच सैल करायचा. टॉप गिअर, मागचा ब्रेक. डावीकडचा ब्रेक पेडल अजून जागेवर आहे तोवरच हे सोपे. लॉक वॉशर असेल तर त्याचा कान आधी सपाट करा. नट फक्त सैल करून ठेवा, काढू नका.

मग डावी बाजू. फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढा, खाली परात ठेवा, प्रायमरीचे कव्हर मधल्या एकाच मोठ्या नटावर असते. आत डबल चेन, क्लच, आणि १२ व्होल्टच्या गाडीला क्रँकवर अल्टरनेटर. स्टेटर (अल्टरनेटरचा स्थिर, वायरींचा भाग) काढताना वायर ओढू नका. चेनला जोड नसतो, म्हणून इंजिनचे चक्र आणि क्लचचा ड्रम एकदमच बाहेर सरकवावे लागतात. क्लचचा मधला नट काढायला ब्रेक पुन्हा हवा, पण पेडल काढलेले आहे, तेव्हा मागच्या ड्रमचा ब्रेक आर्म कोणाला तरी हाताने ओढून धरायला सांगा. क्लच सेंटर पुलरनेच काढा. हातोड्याने ठोकला तर मेन शाफ्टचे टोक फुगते आणि मग शाफ्ट स्लीव्ह गिअरमधून निघत नाही. रोटर (अल्टरनेटरचा फिरणारा भाग) चुंबक आहे. तो जमिनीवर ठेवला की लोखंडाचा कीस ओढून घेतो, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा.

हे निघाले की सैल ठेवलेला उजवा नट काढा आणि मग उजवीकडचे आतले कव्हर. ओढताना मेन शाफ्ट बेअरिंगसकट यायला बघेल, शाफ्टच्या टोकावर लाकूड धरून हलके आत ठोका. कव्हर निघाले की समोर सगळा संसार दिसेल. गिअर हलवण्याआधी फोर्क कोणत्या तोंडाने बसला आहे याचे दोन फोटो घ्या, तो उलटा बसवणे हीच घरच्या कामातली सर्वांत मोठी चूक. मग फोर्क, मेन शाफ्ट, ले शाफ्ट एकत्र बाहेर. प्रत्येक वॉशर ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा.

बघायचे काय:

डॉगचे कोपरे. टॉर्च तिरकी धरा. धार असेल तर सावलीची रेघ सरळ दिसते, गोल झाला असेल तर कडेला चकाकी येते. एकाचा गोल असेल तर त्याचा जोडीदारही बदला. नवा-जुना एकत्र लावला तर जुना नव्याला दोन महिन्यांत आपल्यासारखा करतो.

फोर्क. दोन्ही पाय काचेवर ठेवून डुलतो का बघा. एकाच पायावर चकाकी म्हणजे तो वाकला आहे आणि गिअरला एका बाजूने दाबतो आहे. वाकलेला फोर्क गरम करून सरळ करू नका, त्याचा कडकपणा जातो आणि महिन्याभरात पुन्हा वाकतो. बदला.

फोर्क हलवणाऱ्या ऑपरेटरच्या खाचांत एक स्प्रिंगवाला प्लंजर बसतो. प्रत्येक गिअरला तोच जागेवर धरून ठेवतो. त्याचे टोक चपटे झाले, स्प्रिंग बसली किंवा खाचेत घट्ट झालेले ग्रीस साठले, तर सगळे डॉग नवे घालूनही गिअर सुटणार. स्प्रिंग स्वस्त आहे, न बघता बदला. दुसरा सुटतो म्हणून लोक हजारोंचे गिअर आणतात आणि ही स्प्रिंग जुनीच ठेवतात.

किकचा पॉल, त्याची स्प्रिंग, आणि ले शाफ्टच्या लो (पहिल्या) गिअरच्या पोटातले दाते. पॉलची धार गेलेली असेल, पण दातेही बोटाने चाचपून बघा. दाते गोल असतील तर नुसता पॉल सहा महिनेही टिकणार नाही.

उद्यमनगर_लेथ (कोल्हापूर)

बुशबद्दल. क्लच काढण्याआधी त्याच्या ड्रमची कड धरून हलवा. ड्रम मेन शाफ्टवर, आणि मेन शाफ्ट डावीकडे स्लीव्ह गिअरच्या बुशात. ड्रम स्पष्ट डुलत असेल तर प्लेटा नाही, हा बुश बघायचा. तो गेला की शाफ्ट तिरका फिरतो, दाते अर्धेच भिडतात, आणि तेल त्याच फटीतून प्रायमरीत जाते. प्रायमरीतले तेल वाढते आणि गिअरबॉक्सचे कमी होते ही त्याची खूण.

नवा बुश दाबल्यावर आतून आकसतो. म्हणून दाबून झाल्यावर रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारे हत्यार) मारावाच लागतो. लोक तसाच शाफ्ट ठोकून घालतात, मग दहा किलोमीटरला तो गरम होऊन धरतो. लेथवाल्याकडे जाताना नुसता बुश नव्हे, स्लीव्ह गिअर आणि मेन शाफ्ट दोन्ही न्या. शाफ्टही झिजलेला असतो, रीमर त्याच्या मापाने मारायचा. तेल लावलेला शाफ्ट स्वतःच्या वजनाने सावकाश आत उतरला आणि आडवा हलवला तर डुलला नाही, ते माप बरोबर. बुशाला तेलाचे भोक किंवा चर असेल तर ते जुळले आहेत का पाहा, रीमर मारल्यावर भोकातला कीस काढा.

बेअरिंग काढताना गॅसची ज्योत एका जागी धरू नका, अ‍ॅल्युमिनिअमचे कव्हर वाकते. उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवा, मग लाकडावर उपडे आपटा, बेअरिंग आपणहून खाली पडते. नवे घालतानाही कव्हर गरम, बेअरिंग फ्रीजमधून काढलेले. नंबर जुन्या रिंगवर कोरलेला असतो, दुकानात तो दाखवा.

चिंचवड_स्पॅनर

पॅकिंगचे एक राहिले. आतल्या कव्हरला जाड कागदाचे पॅकिंग घालू नका. कव्हर जेवढे बाहेर येईल तेवढा ले शाफ्ट लांबीत सैल होतो, आणि सैल शाफ्टवर गिअर सुटतो. सांधे साफ असतील तर नुसता अनाबाँडचा (सांधे बुजवायचा लेप) पातळ थर, बोटाने पुसून राहील एवढाच. जाड थर आत पिळून निघतो आणि तेलाच्या वाटेत अडकतो.

लोखंडी_३४६

बरोबर. जोडताना आतले कव्हर लावून झाले, त्या कव्हरचे नट आवळले, की बाहेरचे कव्हर लावायची घाई करू नका. मेन शाफ्ट हाताने फिरवत ऑपरेटर पक्कडीने हळूहळू सरकवा आणि चारही गिअर पडतात का बघा. शाफ्ट न फिरवता ढकलले तर डॉग समोरासमोर येऊन अडतात आणि वाटते की चुकले. प्रत्येक गिअरला प्लंजरचा 'टक' ऐकू आला पाहिजे. शाफ्ट लांबीत किंचित हलला पाहिजे, पण जड नको. जड फिरत असेल तर वॉशर चुकला आहे, आवळून सैल होणार नाही.

उजवा नट शेवटचा आवळायला पुन्हा टॉप आणि ब्रेक लागेल, म्हणजे क्लच, प्रायमरी आणि ब्रेक पेडल बसवल्यावरच तो आवळा आणि लॉक करा. बाहेरचे कव्हर त्यानंतर. स्टेटर बसवताना रोटरभोवती चारही बाजूंनी ०.२ मिमीचे फीलर गेज फिरले पाहिजे, घासला तर वायंडिंग जाते. शेवटी क्लच: बाहेरच्या कव्हरच्या छोट्या झाकणाआडचा स्क्रू आधी, वायर नंतर, लिव्हरला २ ते ३ मिमी मोकळी हालचाल. पुशरॉड सतत दाबलेला राहिला तर प्लेटा घसरतात आणि पॉल नवा असूनही किक सटकल्यासारखीच वाटते.

घाटरस्ता (सातारा)

उघडला. दुसऱ्याच्या डॉगची एक बाजू गोल, दुसरी धारदार. फोर्कचा एक पाय चकाकतोय, काचेवर डुलतो. प्लंजरची स्प्रिंग नव्या स्प्रिंगपेक्षा साधारण ४ मिमी आखूड. पॉल गेलाय, लो गिअरचे दाते ठीक वाटतात. ड्रम डुलत नव्हता. गोल झालेली डॉगची बाजू ग्राइंडरने सरळ करून चालेल का? नवी जोडी मिळायला वेळ लागतोय.

उद्यमनगर_लेथ (कोल्हापूर)

नाही. डॉगचा कडकपणा वरच्या थरात असतो. ग्राइंडरने तो थर जातो, आतले लोखंड मऊ, पहिल्याच घाटात चेपेल. शिवाय सगळे डॉग एकसारखे घासले गेले नाहीत तर सगळा भार एकावर येतो आणि तो तुटतो, तुटलेला तुकडा इतर दातांत जातो. जोडी येईपर्यंत गाडी उभी राहू द्या. फोर्क, स्प्रिंग, पॉल आत्ताच घ्या.

लोखंडी_३४६

थांबलाच आहात तर बुशही शाफ्ट घालून एकदा तपासा, ड्रम डुलला नाही तरी. जोडल्यावर पहिले तेल ५०० किलोमीटरला काढा आणि बारीक जाळीतून गाळा. चांदीसारखी बारीक भुकटी चालते. खडा किंवा पिवळा कीस दिसला तर पुन्हा इथे लिहा.